कुंकू लावलेला पेनड्राइव्ह

खंडेनवमीला मी आमच्या आळेफाट्याच्या साळुबाई फोटो स्टुडिओतली सगळी यंत्रं पुजली. नाव माझंच आहे, पूजा दुसरं कोण करणार. सुनेच्या पेनड्राइव्हला कुंकू लावलं, कंप्युटरात खोचला आणि मुहूर्तावर बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आपोआप पळू लागली. सून नैवेद्याचं ताट टाकून धावली. “आत्या, हा शाळेच्या कंप्युटरांसाठी बनवलाय. कुणाला न विचारता जुनं सगळं पुसतो आणि नवं विंडोज टाकतो.” मी तिचा हात गच्च धरला. आत लोणी गावातल्या एका लग्नाचे फोटो होते, दुसरीकडं कुठंच नव्हते. “बंद कर की, बघत काय बसलीस?” “आधी माझा हात सोडा.” तेवढ्यात अक्षरं थांबली. तिनं वाचलं: ‘हे साळुबाईंचं मशीन. पुसायचं नाही.’ “कुणी लिहिलं हे?” “मीच. आपलं मशीन ओळखून थांबायला शिकवलं होतं त्याला, पण थांबेल याची खात्री नव्हती. तुमी कधीतरी हा खोचणारच, ठाऊक होतं.” मला तिचा हात काही सोडवेना.