सोबतीचा माणूस

पातूर घाटाखालच्या पुलाच्या कठड्यावर मंजुषा धापा टाकत बसली. तिचे सासरे मोतीराम यांनी मोटारसायकल स्टँडवर उभी केली आणि तिच्या हातात लिंबू-साखर-मीठ घातलेल्या पाण्याची बाटली दिली. दमलेल्या माणसाशी बोलू नये, असा त्यांचाच नियम होता. तो त्यांना दोन मिनिटंसुद्धा पाळता यायचा नाही.

"मंग, कोनती ठरली?" त्यांनी विचारलं.

चिखलदऱ्याची पन्नास किलोमीटर पळण्याची शर्यत रस्ता खचल्यामुळे रद्द झाली होती. तिची नोंदणी दुसऱ्या दोन शर्यतींपैकी एकीला वळवून मिळणार होती आणि कोणती ते आज दुपारपर्यंत कळवायचं होतं. एक नाशिककडची. तिथे असाच घाट, आणि वाटेत खाणंपिणं पुरवायला प्रत्येकाने आपला एक माणूस आणायचा. दुसरी हैदराबादची. सपाट डांबरी रस्ता, सगळी सोय त्यांचीच, बाहेरच्या कुणालाही मार्गावर येऊ देत नाहीत. मंजुषाचे पाय वर्षभर या घाटावर तयार झालेले. खरं तर निवडण्यासारखं काही नव्हतंच.

"हैदराबाद," ती म्हणाली.

मोतीराम गोंधळले. काल तर ती नाशिकच्या घाटाचं सांगत होती. तिथल्या जागा भरल्या, मंजुषा बाटलीकडे बघत म्हणाली. जागा भरपूर होत्या.

चिखलदऱ्याला ते आले असते तर तिला चाललं असतं, तिथे सगळे आपल्याकडचेच. नाशिकला मात्र तिच्या रनिंग ग्रुपमधल्या पुण्याच्या बायका येणार होत्या. मागच्या वर्षी पुण्यात मोतीराम धोतराचा सोगा खोचून, "पय वं माय, पय," असं ओरडत तिच्या बाजूने धावले होते. शर्यत संपल्यावर खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी तिचं तोंड पुसलं. बायका हसल्या, तेही काही वाईट मनाने नाही. कोण गं हे, एकीने विचारलं. आमच्या गावचे आहेत, मंजुषा म्हणाली. ते खोटं नव्हतं, पण तेव्हापासून ते वाक्य आठवलं की तिला स्वतःचीच लाज वाटायची. आणि तरीही आज ती पुन्हा तेच करत होती.

"हैदराबादले सोबतचा मानूस?"

"चालत नाई, मामाजी."

मोतीरामांनी मान हलवली. झेंडूच्या तोड्याला त्यांनी शर्यतीच्या आठवड्यासाठी चुलतभावाला सांगून ठेवलं होतं. आता नको म्हणून कळवतो म्हणाले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण ते विचारात पडले होते, आणि विचार तिचाच होता.

"मंग तुले एकटीनं पया लागते," ते म्हणाले. "माह्या गाडीच्या आवाजाची सवय झाली तुले. ते आजपासूनच मोडू. तू हो समोर, मी दूर मांगं राह्यतो."

ती उठली आणि गावाच्या दिशेने पळू लागली. वर्षभर उजव्या कानाशी असलेली फटफट आज नव्हती. दोन वळणं झाल्यावर तिने मागे पाहिलं. मोतीराम बरेच मागे होते, गाडी अगदी कडेने, हळूहळू चालवत.

तिला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. ते जवळ यावेत म्हणून तिने वेग कमी केला. गाडीचाही वेग कमी झाला.

शेवटी ती रस्त्यात उभीच राहिली. तिकडे मोतीरामांनीही गाडी थांबवली, एक पाय जमिनीवर टेकवला आणि तोंड फिरवून ते दुसऱ्याच्या शेताकडे बघत राहिले, जणू ते तिच्यासोबत आलेच नव्हते.