भरलेली बॅटरी

“काका, हात लावू नका!” मुंजाबाच्या लेकाचा दोस्त बिभीषण दारातूनच ओरडला. लेकाच्या रिमोटच्या विमानाची बॅटरी भाकरीसारखी टम्म फुगली होती. “दर रविवारी फुल चार्ज करतोय की,” मुंजाबा म्हणाला. “‘भरून ठेवा, आलोच’ म्हणून गेलता त्यो.” त्याच दुपारी लेक जालना रोडवर डंपरखाली गेला, त्याला आठ महिने झाले होते. “उडवायच्या दिवशीच भरायची असती, काका. एरवी निम्मीच ठेवायची. भरून ठेवली की फुगती, पेट घेती. मिठाच्या पाण्यात बुडवून मारावी लागंल.” पाण्याचा टँकर येऊन नऊ दिवस झाले होते. तरी लेकाच्या आईनं हंड्यातलं उरलंसुरलं पाणी बादलीत ओतून मूठभर मीठ टाकलं. चिमट्यानं सोडलेल्या बॅटरीतून बुडबुडे येत राहिले. “उडवायच्या दिवशीच व्हय,” मुंजाबा म्हणाला आणि आठ महिने बोर्डात खोचलेला चार्जर त्यानं काढून गुंडाळला.