पुढचा जिना

"प्रत्येक नवरी याच जिन्यावरून उतरते," वरच्या पायरीवर थांबून मॅनेजर टोबी म्हणाला. "खाली नवरा वाट बघत उभा. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येतं हो!"

फ्रेया हरखली. तिला लग्नासाठी एल्डरकोट हॉलच हवा होता. जागा बघायला तिने आजीच्या सख्ख्या बहिणीला, बेरिलला, हौसेने सोबत आणलं होतं. बेरिल मात्र फाटकापासून एकेक खिडकी निरखत होती.

टोबीने हवेलीची कुळकथा सुरू केली. आधी लॉर्डसाहेबांचं घर. युद्धात जखमी शिपायांचं इस्पितळ. "मग काही वर्षं एक सेवाभावी संस्था. आणि आता आम्ही!"

"कसली सेवा?" बेरिलने विचारलं.

"अं... अडचणीतल्या मुलींची, बहुतेक." त्याचं पाठांतर तिथेच संपलं. "आजी, तुम्ही मागच्या लिफ्टने उतरा. जिना फार गुळगुळीत आहे."

"असणारच. मी घासलाय. नववा महिना लागला तरी, गुडघ्यांवर बसून." बेरिलचा आवाज चढला. "आम्हा बिनलग्नाच्या पोरींना यावरून उतरायची बंदी होती. घासायचा फक्त. जायचं-यायचं मागून. माझं बाळ तेवढं थाटात इथून खाली गेलं, फरकोटवाल्या बाईच्या हातात. मी वरच्या खोलीत, दाराला बाहेरून कडी! खिडकीतून त्यांची मोटार जाताना तेवढी दिसली."

"कुठलं बाळ, आजी?" फ्रेयाने तिचा दंड धरला.

घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. साठ वर्षं बेरिल तोंड मिटून होती. लाज वाटायला हवी होती कुणाला आणि तोंड लपवलं कुणी! चोर सोडून संन्याशाला सुळी.

"मॅडम, ते सगळं आता फार जुनं झालं," टोबी हसला आणि लिफ्टकडे हात दाखवत राहिला.

"बाजूला हो."

बेरिलने काठीने त्याचा हात बाजूला सारला. नववधूंसाठीच्या त्या गुळगुळीत जिन्यावर काठी आपटत ती एकेक पायरी उतरली, मोठ्या दरवाज्यातून बाहेर पडली आणि ती मोटार गेली होती त्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. फ्रेया धावत मागे आली.

"आजी, त्याचं नाव काय?"

"मी डेनिस ठेवलं होतं," बेरिल म्हणाली. "आता काय आहे, ते त्या सेवाभावी लोकांना विचार."