कुंकवाची बोटं

हत्यार पारखावं तर सुभेदार लालासाहेबांनीच, असं अख्खं कोरेगाव म्हणे. साताऱ्याच्या दुकानात त्यांनी बत्तीस बोअरची दोन रिव्हॉल्वरं नुसता चाप ओढूनच परत सारली.

तिसऱ्याचं सीलबंद खोकं दुकानदारानं त्यांच्यादेखत फोडलं. चाप लोण्यासारखा चालला. "ह्ये दगा द्यायचं न्हाई," मिशीवर हात फिरवत लालासाहेब म्हणाले.

तेवढ्यात मुठीवर कुंकवाची तीन बोटं दिसली. मधलं अर्धंच. घरात आलेलं नवं हत्यार त्यांची बायको अंबूबाईच पुजायची, आणि कडबाकुट्टीत बोट गेल्यापासून तिची बोटं अशीच उमटायची.

कुंकू ओलं होतं.

त्यांनी घरी फोन लावला.

"आवं, आत्ताच पुजलं की," अंबूबाई कौतुकानं म्हणाली. "लय झ्याक निवडलंसा. पर असं म्होरं बसून फोन कशाला करतासा?"