सातव्या रांगेतली डावी खिडकी

"पंख आड येणार नाही ना?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

भाऊजी खालच्या मजल्यावर राहायचे. वीस वर्षं विमानतळावर सामान चढवत होते, म्हणून चाळीतलं विमानाचं सगळं ज्ञान त्यांच्याकडेच. फोनवर विमानातल्या जागांचा नकाशा उघडून त्यांनी बोट टेकवलं.

"नाही येत, वहिनी. पंख दहाव्या रांगेपासून. ही सातवी. पण उजवीकडची घ्या. बर्फाचे डोंगर दिसतात. त्या जागेसाठी लोक भांडतात."

"आणि आपली गल्ली?"

"ती डावीकडे. नदी आली की विमान डाव्या अंगावर कलतं. खालचं सगळं ताटात वाढल्यासारखं दिसतं."

"मग डावीच."

"डोंगर सोडून गल्ली?"

"गल्लीच. तुम्ही पाहिलीय ना वरून?"

"मी कुठला बसतोय विमानात? उतरणारी माणसं बोलतात, ते ऐकतो."

तिचा जीव पुन्हा टांगणीला लागला. ऐकीव माहितीवर जागा ठरवायची? पण दुसऱ्या कुणाला विचारणार? एकटीचा प्रवास, तोही पहिलाच. वर भीती वाटली तर धरायला ओळखीचा हात नाही. निदान ओळखीचं घर दिसावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"आपली गच्ची ओळखू येईल?"

"काडेपेटीएवढी दिसेल. वर काहीतरी भडक अंथरा."

"पिवळं?"

"चालेल. उडणार नाही असं बघा. आणि त्या दिवशी वारा फिरला ना, तर विमान धावपट्टीच्या दुसऱ्या टोकानं उडतं. मग डावीकडे नुसतं आभाळ."

"हे आधी सांगायचं होतं, भाऊजी."

"आधी सांगितलं असतं तर झोप आधीपासून उडाली असती."

ती पडदे शिवायची. त्या आठवड्यात गिऱ्हाइकांचे पडदे तसेच पडून राहिले. मशीनखालून पिवळं कापड सरकत राहिलं; टाक्यामागे टाका, घोरामागे घोर. पट्टे जोडत जोडत खोलीएवढी चादर झाली. प्रवासाची पिशवी तिनं चारदा भरली, चारदा उपसली. स्वेटर वर ठेवला, लिमलेटच्या गोळ्या बाजूच्या कप्प्यात. तिकीट उघडून साताचा आकडा पाहिला, घडी घातली, पुन्हा उघडलं.

निघायच्या दिवशी उजाडताच ती दोरीवरच्या टॉवेलकडे बघत उभी राहिली. टॉवेल रोजच्याच दिशेला हलत होता. वारा फिरला नव्हता.

विमानतळाच्या दारात गणवेशातल्या बाईनं कागद चाळले. "अरे वा, खिडकी मिळालीय. मजा आहे." मग हळूच म्हणाली, "काळजी करू नका. मी आहे."

तिनं पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट बसवला, पुन्हा एकदा बसवला. पलीकडे सामानाच्या गाडीवरून भाऊजींनी बोटं उंचावून ठरलेली खूण केली. नऊ वीसला उडेल, चोवीसला नदी.

नऊ वीस झाले. तिनं पाठ टेकली. दोन्ही हात दोन्ही बाजूंना घट्ट रोवले. इंजिनाची घरघर वाढत वाढत छातीत शिरली. डोळे मिटायचे नाहीत, तिनं स्वतःला बजावलं. एक मिनिट. दोन. तीन. आता नदी येईल.

नऊ चोवीसला विमान डावीकडे कललं.

गच्चीवर वारा भन्नाट सुटला होता. कोपऱ्यांवर कुंड्या ठेवूनही पिवळी चादर मधोमध फुगत होती, म्हणून विमानतळावरून परतलेली ती स्वतःच चादरीवर हातपाय पसरून उताणी पडली होती. आणि वर, सातव्या रांगेतल्या डाव्या खिडकीशी, तिची नऊ वर्षांची लेक एकटीच, कायमची, वडिलांकडे राहायला निघाली होती.