थर्मासमधला बर्फ

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहरात कर्फ्यू लागलेला. बन्सीच्या थर्मासमध्ये बर्फ होता आणि बर्फात वडिलांच्या प्रोस्टेटच्या गाठीचा तुकडा. गाठीत हार्मोनचे रिसेप्टर आहेत का, ती औषधाला दाद देईल का, हे मुंबईची लॅब सांगणार होती. पण तुकडा गार राहिला तर. स्टेशनच्या वाटेवर शिपायानं अडवलं.

"हवालदारसायेब येऊ दे. लघवीला गेलेत."

हवालदार काही भिंतीआडून येईना. मुंबईला जायला धरायची मनमाडची गाडी सुटायला आली. बन्सी थर्मास कानाशी हलवून बघायचा; आत आता नुसतं पाणीच डचमळत होतं.

अखेर हवालदार आला. सगळं ऐकून म्हणाला, "सोड रे याला."

मग चार पावलं सोबत चालत त्यानं हळूच विचारलं, "वडलांचं सुरू कसं झालं?"

बन्सी अडखळला. "असंच, सायेब. लघवीला गेले की लवकर यायचेच नाय."