जमिनीचं शून्य

वादळात समुद्राचं पाणी कुठे आणि किती वेगानं वाहतंय, हे उपग्रहाच्या रडारवरून मोजणं हे तिचं काम. मोजणी बरोबर आहे ना, हे किनाऱ्यावरच्या जमिनीवरून ताडून पाहायचं. जमीन काही जागची हलत नाही, म्हणून तिथे शून्यच दिसायला हवं.

आज भरदुपारी सगळ्या किनाऱ्यावर शून्य होतं. फक्त आईचं गाव वाहत होतं. सावकाश, समुद्राकडे.

“अगं, वादळात रडारलाही भोवळ येते,” साहेब हसले. “तेवढं शून्य करून टाक आणि पुढे चल.”

तिनं शून्य केलं. पडद्यावर गाव गपगार झालं, पण तिचा जीव काही थाऱ्यावर येईना. तिनं आईला फोन लावला.

“मी बरी आहे गं,” आई म्हणाली. “वारासुद्धा पडलाय. पण मागचं दार उघडलं, तर गल्लीच नाही. नुसतं पाणी. पार पलीकडे किनारा दिसतोय, आणि त्यावर माणसं उभी आहेत.”

“कोण माणसं?”

“निरोप द्यायला आल्यासारखी हात हलवताहेत सगळी. अगं, त्यांच्यात तूही आहेस.”